साखर कुठे गेली

७ मार्च, शुक्रवार

आजपासून तोंडाला कुलूप. किरणांचा शेवटचा शेक काल संपला आणि डॉक्टरीणबाईंनी फर्मान काढलं, घसा आतून सोलून निघालाय, आता काही दिवस गरजेपुरतंच बोला. मी विचारलं, गरजेपुरतं म्हणजे किती? त्या म्हणाल्या, हे आत्ता जेवढं बोललात त्याच्या निम्मं. बाई हजरजबाबी आहेत, एवढं मान्य करायला हवं.

म्हणून ही वही. जे तोंडाने बोलायचं ते इथे बोलणार. इथे मला कोणी हळू बोला म्हणणार नाही.

मी लिलाव पुकारतो. मेलेल्यांच्या, परदेशी निघालेल्यांच्या, भांडून वेगळे झालेल्यांच्या घरातलं सामान आमच्या लिलावघरात येतं आणि मी उंच टेबलामागे उभा राहून ते विकतो. कपाटं, घड्याळं, आरसे, झुंबरं. मला माइक लागत नाही, म्हणून सगळे कर्णा म्हणतात. स्वतःचा संसार मी मांडला नाही, दुसऱ्यांचे मोडलेले विकण्यातच जन्म गेला. पण अभिमानाने सांगतो, इतक्या वर्षांत नकली माल माझ्या हातून कधी खपला नाही. लाकडावर नुसता हात फिरवला तरी मला कळतं, की हे जुनं आहे की जुनं केलेलं.

तर माझ्या अन्ननलिकेत, छातीच्या मध्यापासून जरा वर, गाठ आहे. सुरुवातीला पेट स्कॅन काढला तेव्हा ती दिसली. साखरेला किरणोत्सारी खूण लावून ती शिरेत टोचतात. कॅन्सर साखरेला हपापलेला असतो, तो ती सगळ्यांच्या आधी ओढून घेतो आणि मशीनला चमकताना दिसतो. माझ्या चित्रात छातीत निखारा होता. किती चमकतो याला आकडा असतो. माझा पंधरा. औषधं झाली, शेक झाला, आता सूज उतरली की पुन्हा तेच चित्र काढणार. निखारा विझला असेल तर कापाकापी नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. विझला नसेल तर अन्ननलिका काढून टाकायची आणि पोट वर ओढून गळ्याशी जोडायचं. त्यात आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो.

मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, की मी कापून घेणार नाही. आवाज गेला तर उरलेल्या कर्ण्याचं मी करू काय? बाई म्हणाल्या, ते चित्र आल्यावर भांडू.

ठीक आहे. जन्मभर आकडे चढवत आलो, हा एक उतरवून दाखवतो.

११ मार्च, मंगळवार

ताईबद्दल लिहायलाच हवं, कारण तिला तोंडावर बोलायची सोय नाही. माझी थोरली बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहते, पण उपचार सुरू झाले त्या दिवशी घराला कुलूप लावून पिशवी घेऊन इथे आली आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. दाजी गेल्यापासून तिने एकटीने पाळणाघर चालवलं, आता थकली म्हणून बंद केलं. न खाणाऱ्या पोराच्या पोटात घास कसा ढकलायचा, यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. चिऊ, काऊ, विमान, आगगाडी, सगळे प्रकार तिच्याकडे आहेत. आता ते माझ्यावर चालतात. काल सूपचा चमचा घेऊन समोर बसली तेव्हा मी पाटीवर लिहून दिलं: माझं वय साठीच्या पुढे आहे. तिने ते वाचलं, पाटी बाजूला ठेवली आणि चमचा पुढे केला.

घास गिळताना काटेरी तार गिळल्यासारखं होतं. आणि चव तर मेलीच आहे. दूध, सूप, पाणी, सगळं एकाच चवीचं, भिजलेल्या पुठ्ठ्याचं. कुणी भिंतीचा चुना कालवून दिला तरी मी पिऊन टाकीन.

आणखी एक वैताग म्हणजे मुंग्या. उशाशी पाण्याचा पेला असतो, त्याच्याभोवती रोज सकाळी रांग. साध्या पाण्याला मुंग्या लागलेल्या मी पहिल्यांदाच बघतोय. त्यांच्यात दुष्काळ पडला असेल. मी ताईला खूण करून दाखवलं, तर ती लगबगीने फडकं घेऊन आली, मेज पुसलं आणि जुन्या घरात असं व्हायचंच म्हणाली. हे घर कुठलं जुनं? मी स्वतः टेबलाच्या पायांभोवती खडूची रेघ ओढली. मुंगीने ओलांडून दाखवावी.

३० मार्च, रविवार

मुंग्यांनी रेघ ओलांडली.

बाकी बरं आहे. बोलायला थोडी परवानगी मिळाली. लिलावघराच्या मालकांचा फोन आला, विश्रांती घ्या म्हणाले, काम व्यवस्थित चाललंय. काम व्यवस्थित चाललंय हे ऐकून कुणाला बरं वाटतं? माझ्या जागी त्यांनी पोपटाला उभा केलाय. पाठ केलेलं बोलतो म्हणून तो पोपट. टेबलामागे उभं राहून शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या भुवईवरून बोली ओळखणं हे पाठ करून येत नाही. मी न्हाणीघरात दार लावून हळूच पुकारून बघितलं. एक वार, दोन वार. तिसऱ्या वाराला आवाज चिरकला. नळ सोडून ठेवला होता, तरी ताईने बाहेरून विचारलं, की मी कुणाशी भांडतोय का.

वजनकाट्यावर चढलो. फारसं उतरलेलं नाही. न खाता वजन राखलंय, बघा! गडी कणखर आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार

दुर्बिणीने नलिकेतून घेतलेले तुकडे स्वच्छ आले! मी बाईंच्या टेबलावर थाप मारली. त्या म्हणाल्या, घाई नको, दुर्बीण वरवरचं बघते, भिंतीच्या आत काय दडलंय ते पेट स्कॅनच सांगेल. तारीख मंगळवारची.

नर्सने सूचनांचा पाढा वाचला. आदल्या दिवशी गोडधोड नाही, दमायचं काम नाही. रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही, फक्त साधं पाणी. सुई टोचल्यावर तासभर शांत पडून राहायचं, बोलायचं नाही, कारण जो स्नायू राबेल तो साखर ओढेल आणि चित्रात उगाच चमकेल. मला सूचनांचा पहिल्यापासून तिटकारा. घरी येऊन ताईला दोनच शब्दांत सांगितलं, उपास आहे, पाणी चालतं. साखर, किरण, खूण असलं काही तिच्यापुढे उगाळत बसलो नाही. आधीच ती रात्रंदिवस काळजी करते.

तिने विचारलं, आदल्या रात्रीपासून दुपारपर्यंत काहीच नाही? मी म्हटलं, काहीच नाही. ती डबे उघडून बघू लागली.

२२ एप्रिल, मंगळवार

झालं. दमलोय, पण लिहून ठेवतो.

सकाळी ताईने पाण्याची बाटली भरून दिली. दवाखान्यातल्या पाण्याला गंजाचा वास येतो हे मीच तिला सांगितलं होतं. घोट घोट पी, सगळं संपव, अशी दहादा ताकीद. मी काय पाळणाघरात निघालोय?

आत घेतल्यावर बोट टोचून रक्तातली साखर बघितली, बरोबर निघाली. मग जाड भिंतींच्या एका लहान खोलीत मशीनवाल्याने सुई टोचली. शिशाच्या डबीतून इंजेक्शन काढतो आणि टोचून झालं की लगेच लांब सरकतो. मी म्हटलं, तुम्ही लांब पळताय ते माझ्या अंगात सोडताय. तो हसला आणि ओठांवर बोट ठेवलं. पाणी पीत राहा म्हणून कागदी पेला पुढे केला. मी माझी बाटली दाखवली.

"साधं पाणीच ना?" त्याने विचारलं.

मी ठणकावून सांगितलं, "साधंच. घरचं."

दिवा मंद करून तो गेला. तासभर मूग गिळून पडलो. सगळी बाटली संपवली. बोलायचं नव्हतं म्हणून मनात एक लिलाव पुकारला. पंधरापासून खाली. चौदा, बारा, नऊ. उलटा लिलाव पुकारायला मजा येते. मग त्या मोठ्या कड्यातून मला आत सरकवलं, हात डोक्यावर, हलायचं नाही. छातीत काय उरलंय ते मशीनने बघितलं आणि मला मात्र छत दिसलं.

बाहेर ताई बाकावर बसली होती. तिने आधी बाटली हलवून बघितली. रिकामी होती. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते बघून मलाच हसू आलं.

२४ एप्रिल, गुरुवार

चार! पंधरावरून चार!

आणि ती बाई म्हणते हा आकडा धरता येत नाही.

आम्ही दोघं समोर बसलो होतो. तिने पडदा आमच्याकडे वळवला. माझे दंड, मांड्या, खांदे, काळीज, सगळं दिवाळीतल्या दुकानासारखं लखलखत होतं. छातीतला निखारा मात्र फिका. मला तर ते चित्र आवडलं. बाईंनी विचारलं, तपासणीच्या आधी तुम्ही काही खाल्लंत का? मी म्हटलं, नाही. काही गोड प्यायलात? नाही. नीट आठवा. मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बाई, मी लोकांचा माल विकतो, खोटं विकत नाही.

त्या शांतपणे समजावत राहिल्या. जेवलेल्या माणसाचं चित्र असं येतं. पोटात साखर गेली की शरीर स्नायूंची दारं उघडतं आणि सगळी साखर तिकडे पळते, आमची खूण लावलेलीसुद्धा. गाठीच्या वाट्याला येतच नाही, म्हणून गाठ विझल्यासारखी दिसते. एरवी गाठ साखरेला हपापलेली असते, त्यावरच तर ही तपासणी चालते. पुन्हा करू या, त्या म्हणाल्या.

मी उठलो. आकडा चढला असता तर तुम्ही लगेच मानला असता, उतरला तर मानायचा नाही, हा कुठला न्याय? हातोडा पडला की सौदा पक्का. मी पुन्हा करणार नाही आणि कापूनही घेणार नाही. अहवालाचा कागद उचलला आणि निघालो.

ताई मागे राहिली. दारातून वळून बघितलं तर तशीच बसलेली, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. नर्सने तिला पाणी दिलं तर तिने ते नको म्हटलं. थकली असेल. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे, हे मी विसरतो.

२६ एप्रिल, शनिवार

बाईंच्या नाकावर टिच्चून लिलावघरात गेलो. पोपट टेबलामागे उभा होता, मला बघून त्याचं पाठांतर चुकलं. मालकांना म्हटलं, एक वस्तू मला द्या, एकच. एक भिंतीवरचं घड्याळ आलं. मी हातोडा घेतला. आवाज पूर्वीसारखा नाही, कडा झिजल्यात, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. भुवया हलल्या, बोली चढली, तीन वार म्हटलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. घड्याळाला नव्हे, मला. जिना उतरताना मध्येच एका पायरीवर बसलो, पण ते कुणी बघितलं नाही.

घरी येऊन ताईला सगळं रंगवून सांगितलं. ती हं म्हणाली. हल्ली ती जेवताना ताटात चिवडत बसते. विचारलं तर भूक नाही म्हणते. मला भरवणं तर सोडूनच दिलंय, चमचा समोर ठेवते आणि दुसऱ्या खोलीत जाते. मला वाटलं होतं याने मला बरं वाटेल.

एक चांगली गोष्ट म्हणजे मुंग्या गेल्या. एकही नाही. खडूची रेघ शेवटी लागू पडली.

२ मे, शुक्रवार

जसं झालं तसं लिहितो.

बाईंचा तिसऱ्यांदा फोन आला. जास्त दिवस घालवू नका, आत काही उरलं असेल तर ते वाढायला वेळ मिळतोय, असं म्हणाल्या. मी फोन ठेवून दिला आणि ताईला म्हटलं, हे लोक मनासारखं उत्तर मिळेपर्यंत मला त्या कड्यातून ओढत राहणार.

ताई दारात उभी होती. म्हणाली, "तू परत चित्र काढून घे."

"कशाला? चार आलाय."

"नाही आला. त्या बाटलीत मी ग्लुकोज घातलं होतं."

मला आधी कळलंच नाही. मग ती बोलत सुटली. त्याच दिवशी नाही, रोज. पाण्यात, दुधात, सूपमध्ये, जिथे मावेल तिथे चमचा चमचा. तू काही खात नव्हतास, डोळे खोल गेले होते, आणि तुला चव कळत नाही हे मला माहीत होतं. पाळणाघरात जी पोरं तोंड मिटून बसायची त्यांना मी असंच जगवलंय. तू म्हणालास पाणी चालतं, मला वाटलं, पाणीच तर आहे.

मग ती थांबली आणि अगदी हळू म्हणाली, "त्या बाई म्हणाल्या ना, गाठ साखर खाते. मग इतके दिवस मी कुणाला भरवत होते रे?"

त्या वेळी मी काय बोलायला हवं होतं ते मला आता कळतंय. तेव्हा मी बोललो, "माझ्या वैऱ्याला. पोसलंस त्याला, तुझ्या हाताने."

पूर्ण आवाजात. शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा.

तिने साड्यांच्या घड्या करून पिशवीत भरल्या, गॅस बंद आहे ना ते बघितलं आणि गेली. दारही आपटलं नाही.

३ मे, शनिवार

सकाळी उठून दोन पेले घेतले. एकात दोन चमचे साखर ढवळली, दुसऱ्यात नुसतं पाणी. डोळे मिटून जागा बदलल्या आणि प्यायलो. दोन्ही पुठ्ठा. तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा ओळखता आलं नाही.

नकली माल मला कुणी खपवू शकत नाही म्हणे. दीड महिना माझ्याच उशाशी खपत होता, आणि मी मुंग्यांवर चिडत होतो.

राग मात्र उतरत नाही. कुणावर आहे तेही कळत नाही. ताईवर म्हणावं तर डोळ्यांपुढे ती बाटली हलवून बघते. गाठ विझली नसणार. गेले आठ दिवस मी ज्या आकड्यावर छाती काढून फिरलो, टाळ्या घेतल्या, तो आकडा खोटा होता. मला भीती वाटतेय. हे कुठेतरी लिहायला हवं होतं, लिहिलं.

दुपारी मीच बाईंना फोन केला. म्हटलं, पाण्यात साखर होती, पुन्हा तारीख द्या. त्यांनी विचारलं, कुणी घातली? मी म्हटलं, माझ्याच घरातली चूक आहे, तुम्ही तारीख द्या. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. म्हणून म्हणतो, बाई हुशार आहेत.

९ मे, शुक्रवार

एकटा गेलो. सगळ्या सूचना पाळल्या, एकूण एक. मशीनवाल्याने बाटलीबद्दल विचारलं, मी रिकामे हात दाखवले आणि त्यांच्या कागदी पेल्यातलं गंजकं पाणी प्यायलो.

त्या खोलीत तासभर पडून मनात लिलाव पुकारायचा प्रयत्न केला, पण आकडाच सुचेना. ताईने गेल्या आठवड्यात काय खाल्लं असेल याचाच विचार येत राहिला. दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आलो होतो. इतकं बोलणारा माणूस, पण माफ कर म्हणायची सवय नाही. बाहेर आलो तर बाकावर कुणी अनोळखी बाई बसली होती.

१२ मे, सोमवार

सात.

बाईंनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. नव्या चित्रात हातपाय शांत, राखाडी, आणि छातीत तोच निखारा, लहान झालेला, पण जिवंत. त्यांनी वाढवून सांगितलं नाही आणि लपवलंही नाही. औषधाने अर्ध्याहून जास्त काम केलंय, उरलेलं काढावं लागेल. दुसरीकडे कुठे काही चमकत नाही, म्हणजे काढता येण्यासारखं आहे. आवाजाचं विचारलं. म्हणाल्या, बहुतेकांचा टिकतो, काहींचा बसतो, काहींचा काही महिन्यांनी परत येतो. तुमचं काय होईल याची खात्री मी देणार नाही.

मी विचार करायला वेळ मागेन असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, करा. आवाज बसला तर बसला, पुन्हा उभा करू. नाही उभा राहिला तर भुवयांवर लिलाव करीन, घेणारे तसेच तर घेतात. जी गोष्ट मला आतून खातेय तिला मी आवाजाच्या बदल्यात घर देणार नाही. हा सौदा मला मंजूर नाही.

मग जे विचारायचं होतं ते विचारलं. ती साखर, दीड महिना पोटात गेलेली, ती गाठीने खाल्ली का? तिच्यामुळे हे उरलं का?

बाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. म्हणाल्या, गाठ तुमच्या पेल्याची वाट बघत बसत नाही. तुम्ही उपाशी राहिलात तरी ती शरीरातून हवी तेवढी साखर ओढतेच. चमच्यांनी ती वाढली नाही आणि चमचे बंद केल्याने मेली नसती. मग त्यांनी जुन्या कागदांतून माझं वजन काढून बघितलं. या टप्प्याला माझ्याकडे येणारे निम्मे लोक सापळा होऊन येतात, त्यांना आधी महिनाभर नळीने भरवावं लागतं, मगच सुरी लावता येते. तुम्हाला पुढच्या आठवड्यात घेता येईल. ज्यांनी कुणी तुम्हाला भरवलं त्यांना सांगा.

मी म्हटलं, ते पहिलं चित्र मला हवंय. त्या म्हणाल्या, ते वाया गेलेलं आहे, त्यातून काही कळत नाही. मी म्हटलं, मला कळतंय, छापून द्या.

१२ मे, संध्याकाळ

तिथूनच ताईकडे गेलो. दार उघडलं तर चेहरा उतरलेला, ब्लाउज खांद्यावर सैल. पाळणाघराच्या बुटक्या खुर्च्या अजून भिंतीशी रचून ठेवल्यात. मोठ्या खुर्चीवर तिचे कपडे होते म्हणून मी बुटक्या खुर्चीवर बसलो. गुडघे हनुवटीला लागत होते. एरवी ती हसली असती.

मीच सांगून टाकलं. सात आला. पुढच्या आठवड्यात कापणार. ती भिंतीला टेकली आणि पदर तोंडाला लावला. मी लगेच उठून पहिल्या चित्राची फिल्म खिडकीच्या काचेवर धरली. बाहेर अजून उजेड होता. म्हटलं, इकडे ये, चष्मा लाव.

तिने चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिली. मी बोट ठेवून दाखवत गेलो. हे दंड. हे खांदे. ही मांडी. हे काळीज, बघ कसं पेटलंय. हे सगळं तुझं ग्लुकोज आहे. तू भरवलेलं सगळं इथे आलं.

तिने काचेवर हात ठेवला. "आणि गाठ?"

"गाठ ही इथे. बघ, अंधारात बसलीय. त्या दिवशी तिला तुझ्या बाटलीतला थेंब मिळाला नाही. सगळं मी खाल्लं, ताई. मी जे बोललो ते खोटं होतं, आणि ते बोलायला नको होतं. माफ कर."

वजनाचं सांगितलं, नळीचं सांगितलं, बाईंचा निरोप सांगितला. ती ऐकताना एकेका अवयवावरून बोट फिरवत होती, दंड, खांदा, मांडी, जणू हजेरी घेत होती. मग ती खाली बसली आणि रडली. मीही रडलो, उभ्याउभ्याच, फिल्म धरून, कारण सोडली असती तर ती गुंडाळली गेली असती.

डोळे पुसून झाल्यावर तिने विचारलं, कापल्यावर खाणार कसा? मी सांगितलं, पोट वर ओढून गळ्याशी जोडतात, सुरुवातीला नळीने, मग थोडं थोडं, लहान पोरासारखं, दिवसातून सहासात वेळा. ती उठली, नाक शिंकरलं आणि तिचा तो पाळणाघराचा आवाज बऱ्याच दिवसांनी बाहेर आला.

"सांग त्या बाईंना, कुठे जोडायचं तिथे जोडा. पोट गळ्याला जोडा नाहीतर गुडघ्याला जोडा, याला भरवणार मी. मला शिकवा कसं ते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण आता तुला विचारून."

मी हो म्हटलं. तिने भात लावला.